शहराच्या वेशीवरचे गाव

(ग्रामदैवताच्या जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवेलागणीच्या वेळी या देवळाच्या पायरीवर उभे राहून मावळतीकडे पाहिले की नगर शहराचे दिवे दिसतात. अंतर फार नाही. सायकलीवर दुधाच्या किटल्या घालून जाणारी माणसे एके काळी तासाभरात माळीवाड्याच्या वेशीत पोहोचत असत. आता मोटारसायकलीवर पंधरा-वीस मिनिटे पुरतात. इतक्या जवळ शहर असूनही इथे रात्री रातकिड्यांचा आवाज ऐकू येतो, आणि पहाटे काकड्याचे टाळ वस्तीवरच्या माणसालाही कळतात. शहरातून येणारा पाहुणा म्हणतो, "काय शांत गाव आहे हो तुमचे!" गावकऱ्यालाही ते ऐकून बरे वाटते. पण ही शांतता कसली, ती कुठून आली आणि किती दिवस राहणार, याचा विचार आजच्या मंगल दिवशी केला तर तो अस्थानी ठरू नये. देऊळ नवे झाले आहे. ज्या गावात ते उभे आहे ते गाव पुढे गाव म्हणून राहील की नाही, हा प्रश्न त्या नव्या दगडाइतकाच वजनदार आहे.

नगरच्या आसपासच्या खेड्यांविषयी बोलताना एक गोष्ट नेहमी उलटी सांगितली जाते. शहर मोठे, म्हणून ते आधीचे. खेडी त्याच्या आश्रयाने वसली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १४९० साली मलिक अहमद याने बहामनी सुलतानाच्या फौजेचा पराभव केला तो भिंगार गावाजवळ. ज्या जागी जय मिळाला त्या जागी, सीना नदीच्या काठी, त्याने आपले नगर वसवले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. म्हणजे शहराचा जन्म झाला त्या दिवशी भिंगार होतेच. शेते होती, विहिरी होत्या. माळीवाडा हे नावच सांगते की आजच्या शहराच्या पोटात मळे आणि मळेकरी होते. पुढे निजामशाही १६३६ साली बुडाली, मोगल आले, १७५९ साली किल्ला पेशव्यांकडे आला, मग शिंद्यांकडे गेला आणि १८०३ साली वेलस्लीने तो इंग्रजांच्या ताब्यात घेतला. झेंडे इतके बदलले, परंतु भोवतालच्या खेड्यांत ज्वारी आणि करडई तीच राहिली. आता तर जिल्ह्याचे नावही बदलले आहे. २०२४ पासून तो अहिल्यानगर जिल्हा झाला. तरी एसटीच्या थांब्यावर म्हातारी माणसे अजून "नगरला जायचंय" असेच म्हणतात, आणि कंडक्टरला ते बरोबर कळते.

खेडी शहराच्या आधीची, एवढ्यावरच हे थांबत नाही. शहर जगले ते खेड्यांच्या पाण्यावर. ही हकीगत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण या भागातल्या पुष्कळ तरुण मंडळींनी खापरी नळाचे तुकडे पाहिले असतील, पण ते काय होते हे त्यांना कोणी सांगितलेले नसेल.

नगर हा पर्जन्यछायेतला मुलूख. सीना म्हणावी तर नदी, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रातून कोरड्या पायाने जाता येते. अशा ठिकाणी राजधानी वसवायची तर हजारो माणसे, घोडे, हत्ती, बागा आणि हमामखाने यांना पाणी आणायचे कुठून? निजामशाहीतल्या जाणत्या माणसांनी शहराच्या भोवतालची उंचावरची गावे हेरली. कापूरवाडी, शहापूर, वडगाव, भिंगार अशा गावांच्या शिवारात डोंगराच्या पायथ्याशी जिथे जिवंत झरे लागले तिथे विहिरी बांधल्या. त्या विहिरींतून भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, चुन्यात पक्के करून, जमिनीखालून शहरापर्यंत नेले. पंप नव्हता, इंजिन नव्हते. होता तो फक्त उतार. विहीर उंचावर, हौद सखल जागी. मधल्या साऱ्या वाटेवर उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी थांबू नये आणि जोराने धावून नळही फुटू नये. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी, गाळ बसला तर काढता यावा, म्हणून ठिकठिकाणी उघडी तोंडे आणि दगडी मनोरे ठेवलेले. शहरात हे पाणी हौदांत पडे, आणि हौदावरून घरोघरी जाई. फराहबागेतला महाल तलावाच्या मधोमध बांधलेला आहे. तो तलावही असाच दुरून आणलेल्या पाण्याने भरत असे. इंग्रजी अमलात जिल्ह्याचे गॅझेटियर लिहिले गेले, त्यातही या नळांची नोंद आहे. निजामशाही बुडून अडीच शतके होऊन गेली तरी त्यांतले काही नळ पाणी देतच होते.

कापूरवाडीच्या एखाद्या शेतकऱ्याने त्या काळी आपल्या शिवाराखालून शहराचे पाणी वाहताना काय म्हटले असेल, हे कोणत्याही बखरीत नाही. बखरी लिहिणारे शहरात राहत. परंतु एवढे खरे की ज्या हौदावर शहराने वजू केली, आंघोळी केल्या, घोडे पाजले, त्या हौदाचे मूळ खेड्यात होते. आज शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते. बारागाव नांदूरचे ते धरण सव्वीस टीएमसीचे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर म्हणतात. खापरी नळांची गरज संपली आणि ते विसरले गेले. कुठे पाया खणताना जेसीबीच्या दातांखाली आले आणि मुरुमाबरोबर ट्रॉलीत गेले. कुठे विहिरीचे तोंड बुजवून वर खोली बांधली गेली. शहराला चारशे वर्षे पाणी पाजणाऱ्या तालुक्यातल्या काही गावांना मार्च लागला की टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट कोणाला टोचण्यासाठी सांगितलेली नाही. पण ती आहे.

आता शहर आणि गाव यांच्यातली रोजची देवघेव पाहा. पहाटे दूध जाते, भाजी जाते. कांदा नेप्तीच्या उपबाजारात जातो आणि तिथल्या लिलावाच्या आकड्यावर या बाजूच्या कितीतरी घरांतली लग्ने पुढे ढकलली जातात किंवा उरकली जातात. सकाळी साडेसात-आठला नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाळीसाठी डबे घेऊन पोरे निघतात. शाळा-कॉलेजची मुले निघतात. दहा वाजता गावातून फेरी मारावी तर पारावर चार म्हातारी माणसे, ओट्यावर धान्य निवडणाऱ्या बाया, आणि एखादे सुस्तावलेले कुत्रे. पाहुणा जिला शांतता म्हणतो तिच्यातला काही भाग हाच असतो. तिच्यात घरी नसलेल्या माणसांची शांतता मिसळलेली असते, आणि ती ओळखता आली पाहिजे. भरल्या घरातली दुपार शांत असते, ओस पडलेल्या वाड्यातली दुपारही शांतच असते. पण दोन्ही ठिकाणी माणसाला सारखेच वाटत नाही.

सावेडी हे एके काळी वेगळे गाव होते. नगरच्या वेशीबाहेर, मनमाडच्या वाटेवरचे. आज सावेडी म्हटले की बंगले, दवाखाने, मंगल कार्यालये, शिकवण्या. केडगाव पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे ठिकाण. तेही शहराशी जोडले गेले. २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि जी गावे तिच्या हद्दीत आली तिथे ग्रामपंचायत राहिली नाही. ग्रामपंचायत गेली म्हणजे नुसती एक कचेरी गेली असे नव्हे. ग्रामसभा गेली. ज्या सभेत कोणीही गावकरी उभा राहून सरपंचाला "हा खर्च कशाचा?" असे विचारू शकत होता, ती सभाच राहिली नाही. रस्ते रुंद झाले, नळ आले, दिवे आले. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि तिथल्या लोकांनाही त्यातले काही परत देऊन टाकायचे नसेल. पण केडगावात नवरात्र आले की काय होते ते पाहावे. वर्षभर शहराचा उपनगरी भाग असलेले केडगाव त्या नऊ दिवसांत पुन्हा गाव होते. नगर शहरच तिथे पायी चालत जाते. पहाटे अंधारात अनवाणी निघालेल्या बायांच्या रांगा रेणुकेच्या दारी पोहोचतात. पंचायत संपली, देवी राहिली, आणि देवीच्या निमित्ताने गावाचे नाव राहिले.

शहर येते ते एकदम येत नाही, गुंठ्या-गुंठ्याने येते. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जागा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. बाजरीच्या भाषेत एक गुंठा म्हणजे काहीच नाही. प्लॉटच्या भाषेत एक गुंठा म्हणजे आयुष्याची कमाई. १९४७ सालच्या तुकडेबंदीच्या कायद्याने शेतजमिनीचे असे बारीक तुकडे करायला मनाई केली. तरी तुकडे होत राहिले, म्हणून २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. कायदा पुढे आणि व्यवहार मागे असे क्वचितच होते. मुलीचे लग्न, बापाचे आजारपण, सोसायटीचे थकलेले कर्ज, सलग दोन वर्षे पडलेला कांद्याचा भाव, अशा अडचणीत सापडलेल्या माणसाने चार गुंठे विकले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. व्यासपीठावरून "जमीन विकू नका" म्हणणे सोपे असते. म्हणणाऱ्याच्या दारात सावकार उभा नसतो.

नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारने मात्र हा निर्णय गावाने मिळून घेतला. १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने जे नियम स्वतःला घालून घेतले त्यांत कुऱ्हाडबंदी होती, चराईबंदी होती, शेतीच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचे नाहीत हे होते, आणि गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही हेही होते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, त्यावर कोणते पीक घ्यायचे, याचा हिशेब तिथे ग्रामसभेत मांडला जातो. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. शहराच्या अगदी कडेला असलेल्या गावाला हा नियम जसाच्या तसा पाळता येईल असे नाही. हिवरे बाजारच्या माळावर कधी बिल्डरची गाडी उभी राहत नव्हती, इथे रोज उभी राहते. पण त्या नियमामागची एक गोष्ट इथेही चालेल. जमीन एकाची असली तरी तिच्या विक्रीचा परिणाम सगळ्यांवर होतो, म्हणून निदान ओढा, पाणंद आणि गायरान यांच्या कडेला काय होत आहे हे ग्रामसभेत बोलले गेले पाहिजे.

ओढ्याचे तर फारच अगत्याने पाहिले पाहिजे. बारा महिन्यांत दहा महिने तो कोरडा असतो. त्यामुळे त्यात भराव टाकला तरी कोणाचे काही बिघडत नाही असे वाटते. मग एखाद्या सप्टेंबरात उत्तरेचा पाऊस कोसळतो, ओढा आपली जुनी वाट शोधत येतो आणि नव्या घरांच्या न्हाणीघरातून बाहेर पडतो. गायरानाचेही तसेच. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला आणि महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी तसा आदेश काढला. कागदावर गायरान सुरक्षित आहे. शेळ्या घेऊन जाणारी म्हातारी मात्र कागदावर चरायला नेत नाही. तिला कुंपण लागते की मोकळे रान लागते, हा तिचा प्रश्न आहे. बुरुडगावच्या शिवारात शहराचा कचरा डेपो झाला. शहराला पाणी खेड्यातून हवे होते तेव्हा ते गेले. कचरा टाकायला जागा हवी झाली तेव्हाही खेड्याचीच वाट आठवली. वेशीवरच्या गावाने हे आधीच ओळखून असावे.

शांततेची गोष्ट निघाली आहे म्हणून अरणगावचे नाव घेतले पाहिजे. नगरहून दौंडच्या वाटेवरचे हे गाव. १९२३ साली मेहेरबाबा तिथे आले आणि शहराच्या गलबल्यापासून दूर असलेला तो माळ त्यांनी आपल्या कामासाठी निवडला. १० जुलै १९२५ रोजी तिथेच त्यांनी मौन धरले आणि १९६९ साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ते सोडले नाही. त्यांची समाधी त्याच टेकडीवर आहे. देशोदेशींची माणसे तिथे येतात, आणि दर वर्षी १० जुलैला त्यांचे भक्त दिवसभर बोलत नाहीत. कोणाची श्रद्धा कुठे असावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण इतक्या दूरदेशींची माणसे ज्या शांततेसाठी नगर तालुक्यातल्या एका माळावर येतात, ती शांतता इथल्या माणसाला फुकट मिळालेली असते, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत माणूस उशिरा करतो. जाता जाता एक सांगावेसे वाटते. नव्या कळसाबरोबर देवळावर नवे भोंगेही बसले आहेत. भैरोबाला ऐकू येते. हरिपाठ भजनी मंडळाच्या गळ्यातून जितका गोड लागतो तितका पत्र्याच्या कर्ण्यातून लागत नाही, आणि शेजारच्या आळीत दहावीची पोरे अभ्यासाला बसलेली असतात.

देवळाच्या जीर्णोद्धाराने गाव सुधारते का, असे कोणी विचारले तर उत्तर याच जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी आज सगळ्या जगाला पाणलोटाच्या कामासाठी माहीत आहे. पण तिथल्या कामाची सुरुवात नालाबांधापासून झाली नाही. १९७५ साली लष्करातून परत आलेल्या अण्णा हजारे यांनी पहिल्यांदा हाती घेतले ते संत यादवबाबांचे पडके देऊळ. गावात दारूच्या भट्ट्या इतक्या होत्या की देवळाची लाकडेसुद्धा त्या भट्ट्यांखाली जळाली, असे सांगतात. अण्णांनी आपल्या नोकरीची शिल्लक त्या देवळाला लावली. ते पाहून लोक हळूहळू हातभार लावू लागले. कोणी लाकूड दिले, कोणी अंगमेहनत दिली. देऊळ उभे राहिले आणि मग त्याच देवळात सभा भरू लागल्या. भट्ट्या बंद करण्याचा निर्णय देवासमोर झाला. पाण्याची कामे त्यानंतरची. देऊळ बांधून झाल्यावर त्याला कुलूप लावून समिती घरी गेली असती तर राळेगणचे नाव कोणाला कळले नसते.

याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंची आठवण अशा प्रसंगी न निघती तरच नवल. काशी विश्वेश्वराचे देऊळ त्यांनी बांधले, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, सोमनाथाला देऊळ उभारले. यांतली कित्येक स्थळे त्यांच्या राज्यात नव्हतीच. खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला. आणि त्यांच्या बांधकामांची यादी पाहिली तर देवळांच्या जोडीने घाट, बारवा, विहिरी, धर्मशाळा सारख्या येतात. देवाला यायचे तर माणसाला वाटेत पाणी आणि टेकायला जागा पाहिजे, एवढा साधा विचार. दान देताना त्यांनी गावकी आणि भावकी पाहिली नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

कारण खरा अवघड प्रश्न इथेच येतो. या देवळाला ज्यांनी पैसा दिला त्यांच्या यादीवर नजर टाकली तर तीन प्रकारची माणसे दिसतात. पिढ्यान् पिढ्या इथल्याच मातीत असलेली. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली पण यात्रेला परतणारी. आणि गेल्या काही वर्षांत इथे प्लॉट घेऊन घरे बांधलेली. तिसऱ्या प्रकारच्या माणसांनी वर्गणी दिली तेव्हा ती घेतली गेली. सप्ताहात त्यांना पंगतीत वाढले गेले. पण काठी कोणी धरायची, पालखीला खांदा कोणी द्यायचा, आरतीचा मान कोणाचा, हे निघाले की कुजबुज होते. "प्लॉटवाल्यांचा काय संबंध?" असा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पारावर विचारतात. दुसरीकडे नवीन वस्तीतली माणसेही गावाला रात्री निजायची जागा समजून राहतात. ग्रामसभेला येत नाहीत, मयताला येत नाहीत, आणि कचरा ओढ्यात टाकून शहरात कामाला जातात. दोन्हीकडचे बोलणे खोटे नाही. म्हणूनच ते पारावर न राहता सभामंडपात यायला हवे.

इथून जवळच असलेल्या बुऱ्हाणनगरने मान कसा वाटावा याचा एक नमुना कितीतरी पिढ्यांपासून दाखवला आहे. दर वर्षी नवरात्रात बुऱ्हाणनगरहून भवानीची पालखी तुळजापूरला जाते. तुळजापूर इथून दोनशे किलोमीटरांहून दूर. तरीही विजयादशमीच्या पहाटे तुळजाभवानीची मूर्ती गाभाऱ्यातून उचलून सीमोल्लंघनाला निघते ती या नगरजवळच्या खेड्यातून आलेल्या पालखीत. त्यानंतर देवी पलंगावर निद्रा घेते ती कोजागरीपर्यंत. आणि तो पलंगही पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावचा, जुन्नर-नगरच्या वाटेने आलेला. एका देवीच्या एका उत्सवासाठी कुठली कुठली गावे आणि किती जातींचे हात लागतात! पालखी पुढे वाटेवरच्या गावांतून जाते तेव्हा प्रत्येक गावाला वाटते की ती त्यांचीच आहे. बुऱ्हाणनगरचे त्यामुळे काही कमी झालेले नाही. शहर त्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आले तरी त्या एका पालखीमुळे अवघ्या महाराष्ट्रात त्या खेड्याचे नाव घेतले जाते.

या देवळाची यात्रा चैत्रात येईल. तोवर हातात काही महिने आहेत. काठी आणि पालखी यांचे जुने मान आहेत तसे राहू द्यावेत, त्यांना धक्का लावून कोणाचे भले होणार नाही. पण छबिन्याच्या वाटेचा प्रश्न समितीने विचारात घ्यावा. आजवर छबिना जुन्या गावठाणाला फेरी घालून परत येतो. नवी वस्ती ओढ्याच्या पलीकडे आहे. तिथल्या बाया आरतीचे ताट घेऊन दाराशी उभ्या राहतात आणि पालखी लांबूनच वळते. पावशा मैलाचा वळसा आहे. भोयांच्या खांद्याला तो जड होणार नाही.

दुसरी गोष्ट देवळाच्या आवारातली. जीर्णोद्धारात जुन्या जोत्याचे दगड, दोन वीरगळ आणि दीपमाळेचा वरचा भाग बाजूला काढून ठेवलेला आहे. त्यांना ऑइलपेंट फासू नये. वीरगळ म्हणजे कोणी तरी या गावच्या गुरांसाठी किंवा वेशीसाठी लढून पडला त्याची खूण. त्याचे नाव गेले, पण दगड राहिला आहे. तो भिंतीत गाडू नये, फरशीखाली घालू नये. उभा करावा, आणि शेजारी एक साधी पाटी लावावी.

आणि तिसरी गोष्ट देवळामागच्या बारवेची. पायऱ्या अजून शाबूत आहेत. आत प्लास्टिक, फुटक्या तसबिरी, मागल्या वर्षाची निर्माल्ये आणि एक मोडकी सायकल आहे. वर्गणीतून शिल्लक उरली असल्याचे खजिनदारांनी आत्ताच जाहीर केले. गाळ काढायला जेसीबी आत जाणार नाही, पायऱ्या मोडतील. टोपल्या आणि माणसेच लागतील. आळीआळीने एकेक रविवार वाटून घेतला, आणि त्यातला एक रविवार ओढ्यापलीकडच्या वस्तीने मागून घेतला, तर पावसाळ्याआधी तळ दिसेल. तळाला झरा जिवंत आहे असे जुनी माणसे सांगतात. महाप्रसादाच्या पंगती आता बसतील. त्यांच्यापैकी ज्यांनी त्या बारवेचे पाणी प्यायले आहे अशी सात-आठ माणसे आज या मंडपात आहेत. वाढप होईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून झरा कोणत्या बाजूला आहे तेवढे विचारून घ्यावे.